बोलण्याचा तास वाचवायचा कसा? मराठी शाळेत इंग्रजी आणि इतिहासासाठी ‘उलटा वर्ग’

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलाच्या घरी मराठी असते, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही चालतात. इंग्रजी मात्र फक्त शाळेत, आणि तीही आठवड्यातल्या मोजक्या तासांत. त्या तासांत बोलतो कोण? आपण शिक्षक. धडा वाचतो, मराठीत अर्थ सांगतो, फळ्यावर उत्तरं लिहून देतो, आणि घंटा होते. मुलगा घरी जाऊन ती उत्तरं पाठ करतो. ज्या एका जागी त्याला इंग्रजी बोलता आली असती, तिथे तो गप्प बसून असतो. माझ्या मते फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटा वर्ग, आपल्याला हवा तो एवढ्याचसाठी.

कल्पना साधी आहे. समजावून सांगण्याचा भाग मुलांनी आधी घरी ऐकायचा किंवा वाचायचा, आणि वर्गात त्यावर काम करायचं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलंड पार्क इथे जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७ पासून आपले धडे रेकॉर्ड करू लागले. खेळाच्या सामन्यांसाठी गावाबाहेर जाणाऱ्या मुलांचे तास बुडत होते, म्हणून. आपल्याकडे तास बुडतात ते जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाने, सुगीने आणि जत्रेने. अडचण तीच आहे.

एकच धडा निवडा

सगळं पुस्तक उलटं करायला जाऊ नका. पंधरा दिवसांतून एक धडा पुरे. कविता बहुतेक वेळा वर्गातच पहिल्यांदा ऐकवावी, ती घरी पाठवून तिचा रस जातो. व्याकरणाचा नियम, इतिहासातली पार्श्वभूमी, नकाशा, सनावळी या गोष्टी घरी पाठवायला उत्तम.

घरचा भाग छोटा ठेवा

इथे मी स्वतः चुकलो. पहिल्यांदा अठरा मिनिटांचा व्हिडिओ केला, फळा, खडू, सगळं दाखवून. तो शेवटपर्यंत पाहिलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील उद्यमबागेतल्या कारखान्यातून किंवा रानातून येणार अंधार पडल्यावर. त्यातून रेंज मिळाली तर डेटा संपलेला.

आता मी पाच मिनिटांचा आवाज पाठवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर. आवाजाची फाइल हलकी असते, आणि आई भाकरी थापत असतानाही मूल ती ऐकू शकतं. समजावणं मराठीत, उदाहरणाची वाक्यं इंग्रजीत आणि दोनदा. सोबत तेच सगळं एका कागदावर लिहून झेरॉक्स. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कागद, असं मी करत नाही. कागद सगळ्यांनाच देतो, म्हणजे कुणाच्या घरी फोन नाही हे वर्गात उघडं पडत नाही. फोन असलेल्याने शेजारच्या दोघांना ऐकवायचं, अशा गल्लीनिहाय जोड्या लावल्या तर आणखी बरं.

दोन दिवस आधी द्या. आदल्या संध्याकाळी पाठवलेलं कुणापर्यंत पोचेल याचा भरवसा नसतो.

घरून काहीतरी आणायला सांगा

नुसतं ‘ऐकून या’ म्हटलं तर ऐकत नाहीत. चिठ्ठीवर दोन गोष्टी आणायच्या: एक, न कळलेला प्रश्न, दोन, घरातून उचललेलं एखादं वाक्य किंवा माहिती. ही दुसरी गोष्ट सगळ्यात मोलाची आहे, कारण तिच्यामुळे धडा घरात शिरतो.

अप्रत्यक्ष कथन घेताना मी सांगितलं, घरात कुणी विचारलेला एक प्रश्न जसाच्या तसा लिहून आणा. एकाने आजीचं वाक्य आणलं: ‘पावसात कशाला भिजालास?’ त्याचं इंग्रजी करताना निम्म्या वर्गाने ‘आस्क्ड मी व्हाय वॉज आय गेटिंग वेट’ असं केलं. प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, पण तोच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून सांगितला की क्रम साध्या वाक्यासारखा होतो: ‘माय ग्रँडमदर आस्क्ड मी व्हाय आय वॉज गेटिंग वेट इन द रेन.’ हा नियम आवाजात सांगितलेला होताच. पण तो कळला आजीच्या वाक्यावर, आणि मग प्रत्येकाने आपापल्या घरचा प्रश्न घेऊन शेजाऱ्याला सांगितला, शेजाऱ्याने तो पुढच्या बाकाला. चाळीस मिनिटांत प्रत्येक मुलाच्या तोंडून पाच-सहा तरी वाक्यं गेली. एरवी महिन्यातही जात नाहीत.

न ऐकता आलेल्यांसाठी धडा पुन्हा सांगू नका

सगळी पद्धत इथेच मोडते. काही मुलं काही न करता येतात, आपल्याला दया येते, आपण पहिल्यापासून सांगू लागतो. दुसऱ्या वेळी कुणीच घरी ऐकत नाही, कारण सर सांगणारच आहेत हे कळलेलं असतं. त्यांना रागावूही नका. घरी काय घडलं हे आपल्याला ठाऊक नसतं. पहिली सात मिनिटं त्यांना खिडकीपाशी बसवून कागद वाचायला द्या, तोवर बाकीच्यांच्या चिठ्ठ्या चाळा, मग त्यांना गटात घ्या. सारखं तेच मूल खिडकीपाशी जात असेल तर मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोला. बहुधा कारण अभ्यासाबाहेरचं निघतं.

इतिहासाचा तास

भाषेपेक्षा इतिहासात ही पद्धत अधिक रंगते असं मला वाटतं, कारण आपल्या पायाखालीच इतिहास आहे. बेळगावजवळच्या कित्तूर संस्थानाचं उदाहरण घ्या.

घरच्या कागदावर एवढंच: १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्रसर्ज वारले, कंपनीने त्यांचा दत्तक मानला नाही, २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या, आणि राणीच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. खाली एक छोटा नकाशा.

वर्गात आल्यावर फळ्यावर एक वाक्य लिहायचं: ‘डलहौसीच्या खालसा धोरणाखाली कंपनीने कित्तूर घेतलं.’ बरोबर असेल तर एक बोट, चूक असेल तर दोन, छातीजवळ धरून, डोळे मिटून, म्हणजे हुशार मुलाकडे बघून कुणी बोट बदलणार नाही. बहुतेक एक बोट दाखवतात, कारण दत्तक नाकारणं म्हटलं की डलहौसी हे पाठ असतं. उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं, तीन मिनिटं. कुणीतरी पुस्तक उघडून बघतं की डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला १८४८ मध्ये, म्हणजे कित्तूरनंतर चोवीस वर्षांनी. मग पुन्हा बोटं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी विचार, मत, शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत ही रीत १९९० च्या दशकात रुळवली. तिला यंत्र लागत नाही, बोटं पुरतात.

एवढ्यावर थांबलं तर ते सनावळीचं कोडं होईल. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: मग दत्तक नाकारण्याची चाल डलहौसीच्या आधीपासून होती, तर साताऱ्यापासून १८४८ मध्ये त्याने नवीन काय केलं? इथे मुलं खरोखर विचार करतात. तीच चाल त्याने धोरण म्हणून एकामागून एक संस्थानांवर चालवली, इथपर्यंत ती आपण न सांगता पोचतात.

उरलेल्या वेळात तीन गट: कित्तूरचा वाडा, कंपनीचा कलेक्टर आणि रायण्णांसारखा शेतसनदी, ज्याची जमीन चाकरीवर अवलंबून आहे. प्रत्येक गटाने दोन मिनिटं आपली बाजू मांडायची. शेतसनद्याचा गट हमखास सगळ्यात जिवंत असतो, कारण जमीन जाणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांशी जमवलं तर दुसऱ्या दिवशी त्याच भूमिका तीन-तीन सोप्या इंग्रजी वाक्यांत बोलायच्या. आशय माहीत असला की भाषेची भीती अर्धी होते.

शहरातल्या शाळांना घरचा भाग पायीही देता येतो. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी जाऊन काय दिसलं ते लिहून आणा. गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन १९२४ मध्ये इथे भरलं, त्या अधिवेशनासाठी ही विहीर खणली. एवढ्या माणसांना पाणी लागलं म्हणजे नेमकं काय काय लागलं असेल, यावर पूर्ण तास जातो.

सीमाप्रश्न मात्र पहिल्या वर्षी अशा रीतीने घेऊ नका. १९५६ ची राज्यपुनर्रचना घरोघरी वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते आणि वर्गात दोन्ही भाषांच्या घरची मुलं असू शकतात. एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय आधी दुसऱ्या विषयांवर लागू द्या.

पालक आणि मुख्याध्यापक

‘सर आता शिकवत नाहीत, पोरांनाच बोलायला लावतात,’ अशी तक्रार येणार, आणि मुलाच्या काळजीपोटीच येणार. सुरुवातीलाच पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि एक आवाज तिथेच ऐकवा. शक्य असेल तर दोन पालकांना तासाला मागे बसवा. मुख्याध्यापकांना दहावीच्या निकालाची चिंता असते, म्हणून ज्या धड्यावर असा तास घेतला त्यावर नेहमीसारखीच दहा गुणांची चाचणी घ्या आणि वह्या त्यांच्यासमोर ठेवा.

मुलांच्या न कळलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकू नका. धड्यानुसार पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षी तोच आवाज नव्याने रेकॉर्ड करताना पाकीट उघडा आणि ज्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त निघतील, तिथून बोलायला सुरुवात करा.