रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंतीला प्लास्टिक चिकटवा

दिवाळीच्या तोंडावर घाईने रंग द्यायचा आणि पुढच्या पावसाआधीच पापुद्रे झाडूने गोळा करायचे, हे कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरांत नेहमीचंच. भिंत हाताला कोरडी लागते, पण जांभ्या दगडाच्या पोटात ओल असते. ती ओळखायला पैसे लागत नाहीत.

१. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक घ्या.
२. जमिनीपासून हातभर उंचीवर, शक्यतो पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला आतून लावा. चारही कडा पॅकिंग टेपने घट्ट बंद करा. भुकटी सुटत असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर टेप धरत नाही.
३. २४ तास हात लावू नका.

प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. अशा वेळी कितीही महागाचा प्रायमर मारा, फुगणारच. आधी पन्हळ, फुटकी कौलं आणि बाहेरून भिंतीला टेकलेली माती बघा, मग महिन्याभराने पुन्हा तपासा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दमटपणा हवेतला आहे. दारं-खिडक्या उघड्या टाकून चार दिवस थांबा. माझं विचाराल तर दिवाळीचा हट्ट सोडून फेब्रुवारी-मार्चमध्येच रंग द्यावा. रंगारीही तेव्हा मोकळे सापडतात.

एक मात्र सांभाळा: जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट नको. ओल आत कोंडते आणि रंगाबरोबर गिलावाही सुटून येतो. तिथे चुन्याची सफेदीच बरी.