फर्नेस बंद पडली तर काय बघायचं आणि कुठे थांबायचं

अमेरिकेतल्या थंडगार मिनेसोटात शिकायला किंवा नोकरीला येणारा माणूस जॅकेट आणि बुटांची चौकशी महिनाभर आधी करतो. तळघरातल्या फर्नेसची, म्हणजे गॅस जाळून सगळं घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची चौकशी मात्र ती बंद पडल्यावरच होते. माझी नोकरी सॉफ्टवेअरची आहे, फर्नेस दुरुस्तीशी माझा संबंध नाही. पण बरीच वर्षं इथे काढल्यामुळे ओळखीतली नवी मंडळी ऐन थंडीत मला फोन करतात आणि त्यांना विचारायचे प्रश्न आता ठरून गेलेत. तेच इथे लिहितो.

आधी ही फर्नेस चालते कशी ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. थर्मोस्टॅटने, म्हणजे घराचं तापमान ठरवायच्या भिंतीवरच्या यंत्राने, उष्णता मागितली की पहिल्यांदा एक लहान पंखा सुरू होतो. जळणाचा धूर बाहेर ढकलायचं काम त्याचं. धुराची वाट मोकळी आहे अशी प्रेशर स्विचची खात्री पटली की इग्नायटर लालबुंद होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. फ्लेम सेन्सर नावाची बारीक कांडी ज्योत खरंच लागलीय ना हे बघते. तिला ज्योत कळली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद. सगळं जमलं तर अर्ध्या-एक मिनिटाने ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, सुरू होऊन खोल्यांत गरम हवा येते. आत फार तापलं तर लिमिट स्विच गॅस तोडतो. म्हणजे या यंत्रात पेटवणाऱ्यांपेक्षा अडवणारेच जास्त! फर्नेस बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा यातल्याच कुणीतरी तिला थांबवलेलं असतं. का थांबवलं ते शोधायचं, अडवणाऱ्याला बाजूला करायचं नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, जवळ उभं राहून काय ऐकू येतं? काहीच येत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा. थर्मोस्टॅट ‘हीट’वर आहे का, त्यातले सेल संपलेत का, ब्रेकर पडलाय का. फर्नेसशेजारी भिंतीवर किंवा जिन्याच्या तोंडाशी अगदी दिव्याच्या बटणासारखं दिसणारं फर्नेसच्या विजेचं बटण असतं. तळघरात सामान ठेवायला गेलेला कुणीतरी दिवा समजून ते बंद करून येतो आणि घर गार पडतं. तसंच फर्नेसचं खालचं झाकण नीट बसलं नसेल तर दारामागचा स्विच वीज तोडतो. त्या स्विचवर चिकटपट्टी लावून फर्नेस चालवणारे महाभागही आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

थंड हवा सतत येत असेल तर थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर आहे का बघा. ‘ऑन’वर ज्योत नसतानाही ब्लोअर फिरत राहतो.

फर्नेस सुरू होते, थोडा वेळ गरम हवा देते आणि थांबते, ही तक्रार सगळ्यात जास्त. इथे पहिला संशयित फिल्टर, म्हणजे फर्नेसमध्ये जाणारी हवा गाळणारी चौकट. तो तुंबला की हवा कमी खेचली जाते, आतली उष्णता बाहेर निघत नाही आणि लिमिट स्विच गॅस तोडतो. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा असं सांगतात. आपल्याकडे रोजची फोडणी, तळण आणि उदबत्ती धरून मी महिन्याचाच हिशेब ठेवतो. माप जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेलं असतं. बदलताना फर्नेस बंद करा आणि नव्या फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेने ठेवा. दुकानातला सर्वांत महाग, सर्वांत दाट फिल्टर आणायचा मोह होतो, पण त्यामुळे पुष्कळ फर्नेसना हवा कमी पडते. वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून गॅस वाचवायला गेलात किंवा हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपुढे सोफा ठेवलात, तरी हाच परिणाम होतो.

घराबाहेर भिंतीतून दोन पांढरे पाइप निघाले असतील तर तुमची फर्नेस जास्त कार्यक्षमतेची आहे. वाऱ्याने बर्फ साचून त्यांची तोंडं बुजली की प्रेशर स्विच पुढे जाऊ देत नाही. बर्फ हाताने काढा, फावड्याने पाइप फुटतो. याच प्रकारच्या फर्नेसमधून पाणी निघतं. त्याची नळी तुंबली तरी फर्नेस थांबते आणि खाली थारोळं दिसतं.

ज्योत लागते आणि दोन-चार सेकंदांत विझते, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर बहुधा फ्लेम सेन्सरवर पुटं चढलेली असतात. काही प्रयत्नांनंतर फर्नेस स्वतःच काही काळ गप्प बसते. अशा वेळी वीज बंद-चालू करून तिला पुन्हा पुन्हा पेटवायला लावू नका. आतल्या सर्किट बोर्डवरचा लहान दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, झाकणाच्या आतल्या बाजूला त्याचा अर्थ छापलेला असतो. तो मेकॅनिकला फोनवर सांगा. सेन्सर साफ करण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ज्याने फर्नेस कधी उघडलेली नाही त्याने शून्याखालच्या रात्री हा प्रयोग करू नये असं माझं मत. गॅसचा पाइप, व्हॉल्व्ह आणि ज्योतीचा भाग यांना मी स्वतःही हात लावत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी, लोळणारी दिसली तर फर्नेस बंद करून मेकॅनिक बोलवायचा.

भाड्याने राहत असाल तर यातलं बरंचसं घरमालकाचं काम. उष्णतेची सूत्रं घरमालकाच्या हातात असतील तर मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, उष्णता त्याने द्यायची असते. फोनवर बोललात तरी तक्रार लेखी पाठवा.

कुजक्या अंड्यांचा, म्हणजे गळणाऱ्या गॅसचा, वास आला तर तपासत बसू नका. गावाकडे सिलिंडरचा वास आला की आपण खिडक्या उघडतो, रेग्युलेटर बंद करतो. इथे दिव्याचं बटण, गॅरेजचं दार, फोन, कशालाही हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि लांब जाऊन ९११ किंवा गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर लावायचा. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची लक्षणं. त्याचा घरातला अलार्म चार वेळा वाजून थांबला आणि पुन्हा चार वेळा वाजला तर तो या वायूचा इशारा. मिनिटभराने एकदाच ‘टिक’ झालं तर बहुधा सेल संपतोय. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत हा अलार्म असणं बंधनकारक आहे. आणि गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून तापवू नका, दार उघडं असलं तरी.

मेकॅनिक येईपर्यंत इलेक्ट्रिक हीटर भिंतीच्या प्लगमध्येच लावा, एक्स्टेंशनवर नको, आणि पडदे-पांघरुणं ३ फूट दूर. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवणं साफ वर्ज्य. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, नळ बारीक धारेने सोडा, म्हणजे पाइप गोठायचे टळतील.

३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता. तशा थंडीत फर्नेस जवळजवळ अखंड चालते, तो बिघाड नाही.

डिसेंबरात भारतात जाताना बिल वाचवायला फर्नेस बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि एक चावी शेजाऱ्याकडे द्या. विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत गोठून फुटलेल्या पाइपची भरपाई घर तापतं ठेवलं असेल तरच मिळते, तेव्हा निघण्यापूर्वी ते कलम वाचा.