जेटचं ॲड-ऑन बिघडलेलं नसतं: कंट्रोल आणि व्ह्यूच्या या चुका टाळा

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सुखोई उठला की जवळच्या ‘दहावा मैल’ नाक्यावर चाललेलं बोलणं मध्येच थांबतं. त्यामुळे नाशिकच्या पोरांनी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर (विमान उडवण्याचा खेळ) टाकला, की सेसना या छोट्या विमानाला हात लावायच्या आधीच सुखोई नाहीतर तेजसचं ॲड-ऑन (खेळात वेगळं जोडायचं विमान) उतरवलं जातं. थोड्या जुन्या मंडळींचा जीव मिग-२१वर. आणि मग तक्रारीही ठरलेल्या: स्टिक सरळ धरली तरी नाक खाली जातं, आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा ताकद देणारी ज्वाळा) लागत नाही, हडवर (पायलटच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर) अर्धेच आकडे दिसतात, कॉकपिटमध्ये बसलं की डोळे थेट सीटच्या आत.

यावर बहुतेक जण ॲड-ऑन काढून पुन्हा टाकतात. अर्धा दिवस जातो, दुखणं तिथंच. कारण बटणांची आणि अक्षांची (स्टिक, लिव्हर, पेडल ज्या दिशांनी हलतात त्यांची) जोडणी ॲड-ऑनच्या फोल्डरमध्ये नसतेच. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०मध्ये ती सिम्युलेटरच्या प्रोफाइलमध्ये असते, जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये (एफएसएक्स) कंट्रोल्स फोल्डरातल्या ‘स्टँडर्ड डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये. ॲड-ऑन ठेवायचा कम्युनिटी फोल्डर कितीही वेळा रिकामा करून भरा, चुकीची जोडणी जशीच्या तशी राहते.

एका स्टिकला दोन मालक

सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. नवीन पेडल किंवा वेगळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर) जोडला, की सिम्युलेटर त्याला स्वतःहून काहीतरी काम देऊन टाकतो. डीसीएस हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर यात फार उदार आहे: जे उपकरण दिसेल त्याच्या एक्स आणि वाय अक्षांना रोल (बाजूला कलणं) आणि पिच (नाक वर-खाली) देतो, झेडला थ्रॉटल. म्हणजे स्टिक एक सांगते आणि डाव्या पायाचा ब्रेक दुसरंच. विमान झटके खातं, किंवा एका बाजूला ओढत राहतं. डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाची जोडणी वेगळी असते, त्यामुळे एफ/ए-१८ हॉर्नेटमध्ये साफ केलेली घाण मिगमध्ये पुन्हा सापडणार.

एफएसएक्समध्ये याच रोगाचा दुसरा प्रकार म्हणजे एफएसयूआयपीसी, कंट्रोल जोडून देणारा वेगळा प्रोग्रॅम. अक्ष तिथेही जोडलेला आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्येही. दोन्हीकडे ठेवू नका. एफएसयूआयपीसी वापरायचं तर सिम्युलेटरमधली जॉयस्टिक पूर्ण बंद करा.

तपासणी खालून वर करा. विंडोज आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ लिहा, उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा. हात न लावता चौकटीतली अधिकची खूण मधोमध स्थिर आहे का? ट्विस्टची (स्टिक पिळण्याची) पट्टी थरथरते का? इथेच थरथरत असेल तर सिम्युलेटरमध्ये शोधण्यात अर्थ नाही, स्टिकमधला पोटेंशियोमीटर (हालचाल मोजणारा भाग) झिजलाय किंवा धूळ बसलीय. इथे सगळं शांत असेल तरच पुढे जा. सिम्युलेटरच्या कंट्रोल ऑप्शन्समध्ये एकेक उपकरण निवडून ‘सर्च बाय इनपुट’मध्ये तोच अक्ष हलवा. त्याच्याशी बांधलेलं सगळं समोर येतं. शेवटी बाहेरच्या व्ह्यूमध्ये जाऊन पंखांवरचे आणि शेपटावरचे हलणारे पृष्ठभाग बघा. डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि एंटर दाबलं की स्टिकची खरी जागा दाखवणारी छोटी चौकट पडद्यावर येते. ती उघडी ठेवूनच काम करावं.

इथे एक फसगत होते. तेजसला मागचं आडवं शेपूट नाही. पिच आणि रोल दोन्ही डेल्टा पंखाच्या मागच्या कडेवरच्या एलेव्हॉन या हलत्या पट्ट्यांकडे. तेव्हा ‘एलिव्हेटर (शेपटावरची आडवी पट्टी) हलत नाही’ म्हणून शेपटाकडे बघत बसू नका.

पावसाळ्यात लाइट गेली-आली, यूएसबीचा प्लग दुसऱ्या पोर्टमध्ये खोचला, की विंडोजला कधी कधी तेच उपकरण नवीन वाटतं आणि जोडणी डीफॉल्टवर जाते. प्रत्येक प्लगवर मार्करने खूण करून पोर्ट ठरवून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या’ ही टिक काढा. लांब उड्डाणात मध्येच स्टिक मेल्यासारखी होण्यामागे ती हमखास असते.

थ्रॉटल आणि आफ्टरबर्नर

२०२०च्या सिम्युलेटरमध्ये थ्रॉटलचे दोन अक्ष जवळजवळ एकाच नावाचे आहेत: एक नुसता ‘थ्रॉटल ॲक्सिस’, दुसरा ‘० ते १०० टक्के’वाला. चुकीचा निवडला की लिव्हरचा अर्धा प्रवास फुकट जातो. लिव्हर निम्म्यावर येईपर्यंत इंजिन आयडलवर (सर्वांत कमी ताकदीवर), आणि पुढच्या अर्ध्यात सगळी ताकद अंगावर येते. अशी लक्षणं दिसली तर दुसरा निवडून बघा, बाकी काही छेडू नका.

आफ्टरबर्नर लागत नाही, याचं सर्वांत साधं कारण म्हणजे लिव्हर शंभरापर्यंत पोचतच नाही. जॉय डॉट सीपीएलमध्ये लिव्हर पूर्ण पुढे ढकला. पट्टीच्या टोकाला केसाएवढी जागा उरली असेल तर सिम्युलेटरला ९७ टक्केच मिळतात, आणि ॲड-ऑनचा आफ्टरबर्नर ९८ला सुरू होत असेल तर तो कधीच पेटणार नाही. उपाय: त्या अक्षाच्या सेन्सिटिव्हिटीत ‘एक्स्ट्रिमिटी डेड झोन’ ३ ते ५ टक्के करा. टोकाचा उरलेला भाग तिथे शंभर धरला जातो. थ्रॉटलला वक्र मात्र देऊ नका, सरळ रेषच ठेवा.

एफएसएक्समधल्या बऱ्याच जेटना आफ्टरबर्नर वेगळा चालू करावा लागतो: शिफ्ट आणि एफ४. मागे ज्वाळा दिसली म्हणजे थ्रस्ट (इंजिनाचा जोर) आला असं समजू नका. ज्वाळा हे चित्र आहे. खरं काय ते इंधनाच्या प्रवाहाचा काटा सांगतो. आफ्टरबर्नर पेटला की तो एकदम कित्येक पटींनी उडी घेतो. काटा ढिम्म असेल तर ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’मधल्या टर्बाइन इंजिनच्या भागात ‘आफ्टरबर्नर अव्हेलेबल’समोर १ आहे का बघा.

दोन इंजिनांच्या सुखोईत अजून एक गंमत. धावपट्टीवर थ्रॉटल दिला आणि विमान गर्रकन उजवीकडे वळलं. काटे बघितले तर डावं इंजिन ९०च्या पुढे, उजवं आयडलवर. झालेलं असं असतं: कॅनॉपी उघडण्यासाठी शिफ्ट आणि ई दाबायचं होतं, शिफ्ट नीट लागलं नाही, आणि ईनंतर १ दाबला गेला. ई आणि १ म्हणजे ‘आता फक्त पहिलं इंजिन’ अशी आज्ञा. त्यानंतर लिव्हर एकाच इंजिनाशी बोलतो. ई दाबून लगेच १ आणि २ दाबा, दोन्ही इंजिनं परत हाताखाली येतात.

लढाऊ जेट उतरल्यावर एफ२ दाबून धरणं ही प्रवासी विमानाची सवय. सुखोईला, तेजसला रिव्हर्सर (थ्रस्ट उलटा फिरवणारी यंत्रणा) नाही, ब्रेक पॅराशूट आहे. त्याचं बटण ॲड-ऑनच्या पुस्तिकेत शोधून आधीच बांधून ठेवा.

विमान ऐकतच नाही तेव्हा

काही वेळा दोष जोडणीत नसतो, मोडमध्ये असतो. वाय हे अक्षर चुकून दाबलं की स्ल्यू मोड लागतो: विमान हवेत तरंगतं, इंजिन चालू असतं आणि स्टिक विमान उडवायच्या ऐवजी ते सरकवते. पुन्हा वाय दाबा. ॲक्टिव्ह पॉज लागला असेल तर विमान जागीच लटकतं, काटे मात्र हलत राहतात. असिस्टन्समध्ये ‘एआयकडे नियंत्रण’ चालू असेल तर तुमच्या स्टिकला किंमतच नाही. नवख्यांसाठीचा ऑटो-ट्रिम (नाक आपोआप सावरणारा) जेटमध्ये बंद करा. फ्लाय-बाय-वायरचा (स्टिकचा इशारा घेऊन स्वतः पृष्ठभाग हलवणारा) संगणक आणि तो, दोघे एकाच नाकावर भांडतात आणि विमान वर-खाली डुलत राहतं.

फ्लाय-बाय-वायर विमानात स्टिक म्हणजे मागणी असते, पृष्ठभागाची जागा नव्हे. खऱ्या एफ-१६ची स्टिक तर जेमतेम हलते, ती हाताचा जोर मोजते. आपल्या टेबलावरच्या स्प्रिंगवाल्या स्टिकला मधला भाग मऊ करावा लागतो. पिच आणि रोलला उणे ३० ते उणे ४० टक्के सेन्सिटिव्हिटी, डेड झोन (हलवूनही काही न होणारा मधला भाग) ३ ते ५. ट्विस्टवरच्या रडरला (नाक डावीकडे-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीला) डेड झोन ८ ते १०, कारण रोल करताना मनगट आपोआप थोडं पिळतंच. एका वेळी एकच आकडा बदला. एफएसएक्समध्ये नल झोन (तिथला डेड झोन) पूर्ण डावीकडे आणि सेन्सिटिव्हिटी पूर्ण उजवीकडे, तिथून सुरुवात.

मिग-२१ जमिनीवर वळत नाही, ही तक्रार तर ठरलेली. त्याचं पुढचं चाक मोकळं फिरतं, वळवता येत नाही. ब्रेकची दांडी स्टिकवर असते. ती दाबून डावा-उजवा रडर दिला की त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो. पेडलच्या टोकाला डावा-उजवा ब्रेक बांधून उपयोग नाही. स्टिकवरचं एक बटण ब्रेकला द्या, वेग थोडा घ्या, मग रडर.

व्ह्यू: डोळा कुठे आहे ते बघा

हडची चिन्हं काचेवर रंगवलेली नसतात. ती अनंत अंतरावर असल्यासारखी दाखवली जातात, काच ही फक्त खिडकी. चांगल्या ॲड-ऑनमध्ये हेच केलेलं असतं. म्हणून डोळा ठरल्या जागेपेक्षा खाली गेला की चिन्हांचा खालचा भाग काचेच्या कडेखाली नाहीसा होतो. डोळा वर गेला तर वरचा भाग कापला जातो. लोक याला बग म्हणतात. खरं तर ॲड-ऑन बरोबर वागत असतं.

याचा फटका नेमका उतरताना बसतो. हॉर्नेट उतरताना ८.१ अंश अँगल ऑफ अटॅकवर असतो, म्हणजे विमान कुठे चाललंय ते दाखवणारी गोल खूण नाकाच्या रेषेखाली आठेक अंशांवर, हडच्या अगदी तळाशी. सीट दोन बोटं खाली असली तरी तीच खूण गायब. कंट्रोल आणि स्पेसने व्ह्यू मूळ जागी आणा. मग २०२०मध्ये वरच्या बाणाने, एफएसएक्समध्ये शिफ्ट आणि एंटरने डोळा हळूहळू वर न्या. ती खूण काचेत पूर्ण दिसली की थांबा. २०२०मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबून ही जागा जतन करा. नंतर ऑल्ट आणि १ने परत येता येतं. जतन केलेले व्ह्यू त्या त्या विमानापुरते असतात, तेजससाठी पुन्हा करा.

झूमचा मोह आवरा. सगळे काटे एका नजरेत यावेत म्हणून झूम फार कमी केलं की धावपट्टी लांब आणि बारीक दिसते, आणि नाक उचलायला उशीर होतो. एफएसएक्समध्ये व्हर्च्युअल कॉकपिटला ०.७ ते ०.८ ठीक. रुंद मॉनिटर असेल तर ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’मध्ये ‘वाइड व्ह्यू ॲस्पेक्ट’ ट्रू करा, नाहीतर कॉकपिट नाकाला चिकटल्यासारखं वाटतं.

आता आपल्याकडचा खास त्रास. कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड टाकलेला असतो, आणि विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट दाबलं की भाषा बदलते. कंट्रोल आणि शिफ्टने कीबोर्डचा लेआउट. सिम्युलेटरमधले निम्मे शॉर्टकट याच बटणांचे. उड्डाणात कधीतरी भाषा मराठीवर जाते आणि त्यानंतर अक्षरांचे शॉर्टकट दगा देऊ लागतात. टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलण्याच्या या दोन्ही जोड्या ‘नॉट असाइन्ड’ करा. विंडोज आणि स्पेसने भाषा तरीही बदलता येते. लॅपटॉपवर एंड आणि एफवाली बटणं एफएन धरल्याशिवाय लागत नाहीत, आणि २०२०मध्ये आत-बाहेरचा व्ह्यू एंडवरच आहे. तो सरळ स्टिकवरच्या एखाद्या बटणावर आणा.

माउसने नॉब फिरत नसेल, नुसता निळा होत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीत कॉकपिट इंटरॅक्शन ‘लॉक’ऐवजी ‘लेगसी’ करून बघा. डोकं वळवून व्ह्यू फिरवणाऱ्या हेड ट्रॅकिंगवाल्यांनी समोरच्या खिडकीचा पडदा ओढावा. उन्हातला इन्फ्रारेड कॅमेऱ्याला चकवतो आणि मान आपोआप वळते.

ओझरहून तपासणी

एक शंका राहतेच: ‘लाइव्ह वेदर (खरं हवामान) लावलं की इंजिन ओढत नाही.’ ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मे महिन्यात ४० अंशांना तिथली हवा विमानाला साडेपाच हजार फुटांच्या आसपासची वाटते. जानेवारीच्या पहाटे ५ अंशांना तीच साधारण १२५० फुटांची. धाव लांबणारच. थ्रॉटलच्या सेटिंगला हात लावण्याआधी हवामान ‘क्लियर स्काइज’ करा आणि तेवढंच वजन घेऊन पुन्हा उडा.

जोडणी पक्की झाली का, हे पाहायला ओझरची ३००० मीटरची धावपट्टी पुरेशी आहे. धावपट्टी २७वरून (पश्चिमेकडे) उठा, २५० अंशांची दिशा धरा, ३०० नॉट्स. तीन मिनिटांत गंगापूर धरण खाली येतं. तिथे पाण्यावर आल्यावर स्टिक दहा सेकंद सोडून द्या आणि हडमधली ती गोल खूण बघा. ती क्षितिजावरून हळूहळू एका बाजूला घसरत असेल, तर कुठलं तरी उपकरण अजून स्टिकमध्ये लुडबुड करतंय. पेडलची यूएसबी उपसून तीच दहा सेकंदं पुन्हा मोजा.