घरच्या बिअरची ओळख लिहिताना या चुका टाळा

बिअर स्वतः केलेली असली की तिच्याविषयी लिहिताना हात आवरत नाही. सिअॅटलमधल्या आमच्या पहिल्या टेस्टिंग पार्टीच्या कागदावर मी प्रत्येक बिअरखाली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) वजनं, मॅशचं (माल्ट गरम पाण्यात भिजवतानाचं) तापमान, यीस्टचा नंबर असं सगळं लिहिलं होतं. पाहुण्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि तो बाजूला ठेवला. घोटात काय सापडेल, हे त्यात कुठेच नव्हतं. माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच.

पिणाऱ्याच्या ओळखीचे वास लिहा. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरसाठी 'पिकलेलं वेलची केळं, मागून लवंग' एवढं पुरतं. पण तिथेच हेही सांगा, की केळं किंवा लवंग घातलेली नाही, हे वास यीस्ट तयार करतं. उलट विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. हा फरक लिहिला नाही, तर प्रत्येक ग्लासामागे तोच प्रश्न येतो.

आयपीए म्हणजे हॉप्स या कडवट, सुवासिक फुलांवर भर असलेली बिअर; तिच्याखाली नुसतं 'कडू' लिहू नका. कारलं कडू आणि ग्रेपफ्रूटची सालही कडू, पण दोन्हींत केवढं अंतर! कॅस्केड जातीच्या हॉप्सची ओळख ग्रेपफ्रूटची आहे, सिट्राची आंबा-लिचीकडे झुकणारी. तरी 'हापूस' लिहायचा मोह आवरा. आपला माणूस मग हापूसच शोधत बसतो आणि ग्लासात जे खरंच आहे ते निसटतं.

आकड्यांपैकी अल्कोहोलचं प्रमाण मात्र न चुकता लिहा, कारण लोकांना गाडी चालवत घरी जायचं असतं. आंबवण्याआधीच्या घनतेतून आंबवल्यानंतरची वजा करून 131.25 ने गुणा: 1.050 आणि 1.012 असेल तर साधारण 5 टक्के. आयबीयूचा, म्हणजे कडूपणा मोजणारा, आकडा एकटा फसवा असतो. तेवढ्याच आयबीयूची गोडसर स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) सौम्य लागते आणि कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, पेल एल (फिकट रंगाची बिअर) झोंबते. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) आहे, विटबिअरमध्ये गहू आहे, हेही ठळक लिहा.

कधीकधी वर्णन बरोबर असतं आणि वाढण्यात चूक होते. स्टाउटखाली 'भाजलेल्या सातूचा खमंग वास, कोऱ्या कॉफीसारखा' लिहिलं आणि ती 4 अंश सेल्सियसवर थेट फ्रिजमधून ओतली, तर तो वास येणारच नाही. थोडा वेळ बाहेर ठेवा, 10 ते 13 अंशांना ती खुलते. क्रमही हलकीकडून जडकडे ठेवा. आयपीएनंतर दिलेली विटबिअर पाण्यासारखी लागते. एका वेळी 100 मिलीपेक्षा जास्त ओतू नका.

आता दोष झाकण्याबद्दल. माझ्या एका लागरला (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरला) पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास होता आणि मी कागदावर 'बटरस्कॉचची झाक' लिहून मोकळा झालो. तो डायअॅसिटिल होता, म्हणजे आंबताना तयार होणारं लोण्याच्या वासाचं रसायन. आंबवण संपत आलं की दोन-तीन दिवस बिअर 18 अंशांच्या आसपास ठेवली, तर यीस्ट तो स्वतःच आवरतं. मी घाई केली होती. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल, तर बहुधा बिअर अजून तयार नाही. उग्र, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास आला तर बाटलीला ऊन किंवा दिवा लागला आहे. अशी बिअर सुंदर नाव देऊन मांडू नका, यादीतूनच काढा. पाचाऐवजी चार बिअर ठेवल्यानं पार्टीचं काही बिघडत नाही.

शेवटी, वर्णन आधी वाचायला देऊ नका. वाचलेला वास नाकाला सापडतोच. मी आता कागद दुमडतो: वर नाव आणि टक्के, घडीच्या आत माझं वर्णन आणि पाहुण्यासाठी एक रिकामी ओळ. मागच्या खेपेला एका मैत्रिणीनं अंबर एलखाली 'गुळाची चिक्की' लिहिलं. मी 'कॅरॅमल माल्ट' खोडून तेच ठेवलं आहे.