बंगळुरूचं विधान सौध नीट बघायचं असेल तर

बंगळुरूला जाणारे आपले बहुतेक लोक विधान सौध, म्हणजे कर्नाटकचं विधानभवन, कॅबच्या खिडकीतून बघतात, सिग्नलला गाडी थांबली की एक फोटो आणि पुढे लालबाग. पण नीट बघायचं तर एक अख्खा दिवस ठेवा आणि तो रविवारच ठेवा, कारण आतली टूर आणि संध्याकाळचं लायटिंग दोन्ही त्या दिवशी जमतं.

मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसने गेलात तर ती केएसआर स्टेशनला सोडते, तिथूनच मेट्रोची पर्पल लाइन पकडायची, मॅजेस्टिक, मग विश्वेश्वरय्या स्टेशन आणि त्याच्या पुढचं आपलं. रिक्षावाल्याशी घासाघीस करायची गरजच नाही.

शक्यतो सकाळी पोचा. मोठ्या पायऱ्यांची बाजू पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन बरोबर समोरून पडतं आणि ग्रॅनाइटमधलं कोरीव काम उठून दिसतं, दुपारनंतर सूर्य मागे गेला की फोटोत नुसता करडा ठोकळा येतो. आधी रस्त्याच्या पलीकडून बघा, मधला घुमट, त्यावर चार सिंह, खाली ४० फुटी १२ खांब आणि त्यांच्याकडे चढत जाणाऱ्या ४५ पायऱ्या. दर्शनी भागावर एक ओळ कोरलीय, सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. (सातबाऱ्यासाठी चकरा मारलेल्यांनी ती वाचून हसू आवरावं, समोर पोलीस असतात.)

ही बिल्डिंग अशी दिसते ती केंगल हनुमंतय्यांमुळे. १९५१ ला नेहरूंच्या हातून पायाभरणी झाली तेव्हाचा प्लॅन बराच साधा होता, हनुमंतय्या मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी तो पार बदलून द्राविडी देवळांच्या वळणाचा करून घेतला. समोर इंग्रजांच्या काळातलं लाल अठारा कचेरी, म्हणजे आताचं हायकोर्ट, उभं, त्याच्यापुढे आपलं काहीतरी तोडीस तोड पाहिजेच हा हट्ट. १९५६ ला काम उरकलं, खर्च पावणेदोन कोटींच्या वर गेला, टीका भरपूर झाली आणि त्याच वर्षी त्यांची खुर्चीही गेली. मला तर हट्ट पटतो, साधा प्लॅन झाला असता तर आज कोण थांबलं असतं तिथे?

आत जायचं तर २०२५ पासून कर्नाटक पर्यटन खात्याची गाइडेड टूर सुरू झालीय, रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. बुकिंग ऑनलाइन, सुरू झाली तेव्हा तिकीट ५० रुपये होतं, जायच्या आधी साइटवर दर आणि वेळ एकदा बघून घ्या. ओळखपत्र खिशात ठेवा आणि गेटवर चेकिंग असतं म्हणून सामान कमी न्या. बुकिंग न करता गेटवर जाऊन विनवण्या करू नका, ते ऐकत नाहीत.

दुपारी कब्बन पार्क. रविवारी तिथले आतले रस्ते गाड्यांना बंद असतात त्यामुळे पोरांना मोकळं सोडता येतं. मग ऊन कललं की ते लाल अठारा कचेरी बघा, त्याचं तोंड पश्चिमेला असल्याने त्या वेळी रंग मस्त खुलतो. १९८० च्या दशकात ते पाडायचं घाटत होतं, लोक कोर्टात गेले, आणि केस चालली त्याच बिल्डिंगमध्ये!

अंधार पडता पडता परत विधान सौधासमोर या, रविवारी आणि सरकारी सुट्टीला लायटिंग असतं. गर्दी होते, गेटसमोरची जागा सोडून थोडं बाजूला उभं राहा म्हणजे अख्खी बिल्डिंग फ्रेममध्ये बसते.

आणि गाडीने आला असाल तर परतताना बेळगावजवळ हलग्याला हायवेवरूनच सुवर्ण विधान सौध दिसेल, २०१२ चं. सीमाप्रश्नाचं इथे काढत नाही, पण नुसती बिल्डिंग म्हणून बघितली तरी जुनीची सर नाही, गाडी थांबवू नका.