नवीन मरीन (खाऱ्या पाण्याचा) मासा आधी टबात, मग टँकमध्ये

क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर कुर्ल्याला, दुकानातला पोरगा एकच डायलॉग मारतो, "एकदम हेल्दी पीस है साब, देखो कैसे खा रहा है". खातोय हे खरंच चांगलं लक्षण आहे, पण तेवढ्यावर मासा थेट मेन टँकमध्ये सोडू नका, आधी महिनाभर वेगळ्या टबात ठेवा, म्हणजे क्वारंटाइन करा. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्या एकाच फिल्टरवर असतात, म्हणजे एकाला झालं ते सगळ्यांकडे पोचलेलं असतं, त्यात पाण्यात थोडंसं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, चालू असतं आणि मीठ वाचवायला खारटपणाही कमी ठेवलेला असतो. याने पॅरासाइट (परजीवी) मरत नाही, नुसता दबून बसतो, आणि आपल्या १.०२५ खारटपणाच्या (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) मस्त पाण्यात आला की डोकं वर काढतो.

मला हे एका दीड इंची डॅमसेलने शिकवलं. एवढासा तर मासा, याला कसलं क्वारंटाइन म्हणून थेट सोडला, नवव्या दिवशी आधीच्या टँग माशाच्या परांवर पांढरे दाणे दिसले आणि दोन आठवड्यांत टँकमध्ये फक्त कोरल आणि हर्मिट क्रॅब उरले. चूक माझीच, कोणाला बोलणार.

आता हा पांढऱ्या दाण्यांचा आजार, मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, हा कसा चालतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पॅरासाइट माशाच्या कातडीत ३ ते ७ दिवस खाऊन फुगतो, मग गळून पडतो, वाळूवर नाहीतर काचेवर चिकटून कवच करतो, आणि ते कवच कधी ३ दिवसांत फुटतं तर कधी कित्येक आठवड्यांनी. फुटलं की शेकडो पिल्लं पोहत सुटतात, त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर, कातडीतल्यावर नाही आणि कवचातल्यावर पण नाही. म्हणून "दाणे गेले, बरा झाला" यावर अजिबात विश्वास ठेवू नका, दाणे गेले म्हणजे ते खाली वंश वाढवायला गेलेत. आणि गोड्या पाण्याच्या इचला टेंपरेचर वाढवतात तो उपाय इथे चालत नाही, हा प्राणीच वेगळा आहे.

दाणे रव्यासारखे मोजता येत असतील तर इच. पिठीसाखर भुरभुरल्यासारखं बारीक दिसत असेल, मासा धापा टाकत असेल, पंपाच्या धारेत तोंड घालून उभा असेल तर तो वेल्वेट नावाचा दुसरा पॅरासाइट, आणि तो दोन-तीन दिवसांत संपवतो. लाईट बंद करून बाजूने टॉर्च मारा, तेव्हाच नीट दिसतो. वेल्वेट आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे कधीकधी अंगावर काही दिसायच्या आतच मासा गेलेला असतो.

सामान काही महाग नाही. प्लास्टिकवाल्याकडचा ६०-७० लिटरचा झाकणाचा टब, एअर पंप, स्पंज फिल्टर, लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो (पाईपचे वाकडे तुकडे). वाळू नको, दगड तर अजिबात नको, ते कॉपर शोषतात आणि तुमचा डोस कुठे गेला कळत नाही. टब भरताना १० लिटरच्या बादलीने मोजून भरा आणि लेव्हलला मार्करने रेघ मारा, टबावर छापलेल्या लिटरवर डोस काढू नका. स्पंज महिनाभर आधीपासून मेन टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा म्हणजे त्यात बॅक्टेरिया बसतात. खरं सांगू का, क्वारंटाइनमध्ये मासे मरतात त्यात बरेचसे अमोनियाने मरतात आणि शिव्या कॉपर खातं.

मुंबईत हीटरची चिंता कमी, उलट मे महिन्यात पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे एअर पंप एक मिनिट बंद नको. १२ ऑक्टोबर २०२०ला सगळ्या मुंबईची लाईट गेली होती आठवतंय ना, तेव्हापासून बॅटरीवरचा पंप घरात असतोच. आणि टब गॅलरीत ठेवणार असाल तर डासांच्या फवारणीचा धूर आला की झाकण लावा, पंप आत घ्या, ते औषध माशांना विष आहे.

मासा आणला की पिशवी १५ मिनिटं तरंगू द्या, पाण्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या यंत्राने) बघा आणि टबाचं पाणी पिशवीएवढंच खारट करा, १.०१९ तर १.०१९. मग मासा जाळीने उचलून टबात. तासभर ड्रिप करत (थेंब थेंब पाणी मिसळत) बसू नका, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि आतला अमोनिया विषारी व्हायला लागतो. नंतर रोज थोडं थोडं करून चार-पाच दिवसांत १.०२५ला आणा.

दोन दिवस नीट खाऊ द्या, मग कॉपर. वेल्वेटची शंका असेल तर मात्र थांबू नका. कॉपर दोन प्रकारचं मिळतं, चेलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर २ ते २.५ पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम), आयॉनिक (मोकळं) असेल तर ०.५ पीपीएम, या दोन आकड्यांची अदलाबदल केली तर मासा गेलाच म्हणून समजा. डोस एकदम टाकायचा नाही, दोन-तीन दिवसांत चढवायचा आणि आपल्या कॉपरला चालणाऱ्याच टेस्ट किटने मोजत राहायचं. तिथून ३० दिवस लेव्हल खाली येऊ द्यायची नाही, मध्ये एक दिवस जरी घसरली तरी मोजणी परत १ पासून. अमोनिया चढला तर अमोनिया मारायची बाटली ओतू नका, कॉपरसोबत ती धोकादायक ठरते, पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर घालून ठेवा. कॉपरने फ्लूक (माशाला चिकटणारे चपटे किडे) मरत नाहीत, त्याला प्राझी (प्राझीक्वांटेल) लागतं, आठवड्याच्या अंतराने दोन डोस.

कॉपर नकोच असेल तर दोन टब घ्या, दर ७२ तासांच्या आत मासा दुसऱ्या टबात, असे चार वेळा. कवच फुटायच्या आत आपण जागा सोडायची एवढीच आयडिया. हे फक्त इचवर चालतं, वेल्वेटवर नाही. रिकामा टब पूर्ण सुकवावा लागतो, आता जुलैमध्ये आपल्याकडे रुमाल सुकत नाही तर टब काय सुकणार, म्हणून पावसाळ्यात मी ब्लीचने धुतो, नंतर भरपूर पाण्याने, वास जाईपर्यंत.

जाळी, बादली, पाईप सगळं वेगळं. आमच्याकडे लाल बादली क्वारंटाइनची, तिला घरात कोणी हात लावत नाही, बायकोने मार्करने "विष" लिहून ठेवलंय. काम आधी मेन टँकचं, मग टबाचं, उलटं कधीच नाही, ओल्या कोपरावरून सुद्धा पॅरासाइट जातो. टब मेन टँकपासून जमेल तेवढा लांब ठेवा, आमच्या वन बीएचकेमध्ये तो बाथरूममध्येच असतो आणि महिनाभर सगळे वाकडे होऊन आंघोळ करतात.

गोगलगाय, कोरल यांना कॉपर चालत नाही, पण शंखावर कवच चिकटून येऊ शकतं, त्यामुळे ते बिनमाशाच्या टबात ७६ दिवस. मेन टँकमध्ये आधीच इच असेल तर तिथेही हाच हिशोब, सगळे मासे बाहेर आणि टँक ७६ दिवस बिनमाशाची.

३० दिवस झाले की मासा संध्याकाळी लाईट बंद करून न्या, टबाचं पाणी मेनमध्ये एक थेंब नको. ते पाणी बाथरूमच्या मोरीतच ओता. आमच्या आईने एकदा फुकट जाऊ नये म्हणून गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं होतं, आता ती कुंडी रिकामी आहे आणि त्यात पीव्हीसीचे एल्बो ठेवतो.