लहान शहराच्या नॉन-लीग फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान शहराच्या नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या खाली खेळणाऱ्या सेमी-प्रोफेशनल क्लबचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण स्थापनेच्या वर्षापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. बोधचिन्हावर एक वर्ष असतं, क्लबच्या जुन्या पुस्तिकेत दुसरं आणि वर्तमानपत्रात तिसरंच. स्थापनेचं वर्ष शेवटी ठरवा. आधी सामने गोळा करा, एकूण एक. सामन्यांचा तक्ता पक्का झाला की बाकीचा इतिहास त्याच्या आधाराने उभा राहतो. तक्ता नसेल तर हाती फक्त आठवणी उरतात, आणि आठवणीत प्रत्येक मोठा सामना आपणच जिंकलेला असतो.

तक्ता आणि त्याचा ताळा

स्प्रेडशीटमध्ये एका सामन्याला एक ओळ द्या. रकाने असे ठेवा: तारीख, स्पर्धा, फेरी, आपलं मैदान की बाहेरचं, प्रतिस्पर्धी, आपले गोल, त्यांचे गोल, गोल करणारे, प्रेक्षक, स्रोत. स्रोताच्या रकान्यात वर्तमानपत्राचं नाव, अंकाची तारीख आणि पान क्रमांक हवाच. नुसतं ‘जुनं कात्रण’ लिहून ठेवलंत, तर उद्या कुणी शंका काढली की दाखवायला काहीच नसेल.

एक्सेल वापरत असाल तर दोन गोष्टी आधीच सांभाळा. 3-1 असा निकाल एकाच चौकटीत टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, म्हणून गोलांसाठी दोन वेगळे रकाने. शिवाय 1900 च्या आधीची तारीख त्याला तारीख म्हणून ओळखता येत नाही, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले सामने क्रमाने लावायला गेलं की सगळं विस्कटतं. तारखेचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करा आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा: 1894-09-15.

लीगमध्ये 22 संघ असतील तर क्लबचे 42 सामने होतात. फुटबॉल असोसिएशनचा एफए कप, नॉन-लीग क्लबांसाठीची एफए ट्रॉफी किंवा व्हाझ आणि आपल्या परगण्याचा काउंटी कप धरले की हंगामाच्या ओळी पन्नाशीच्या आसपास जातात. हंगाम भरून झाला की आपल्या ओळींची बेरीज लीगच्या अंतिम गुणतक्त्याशी जुळवा. पण छापील गुणतक्ताही चुकतो, म्हणून आधी त्याचाच ताळा घ्या. सगळ्या संघांचे मिळून विजय आणि पराभव सारखे हवेत, बरोबरींची बेरीज सम हवी, केलेले आणि खाल्लेले गोल समान हवेत. विजयाला 2 गुण असण्याच्या काळात गुणांची एकूण बेरीज सामन्यांच्या दुप्पट येते: 22 संघांचे 462 सामने, म्हणजे 924 गुण. विजयाला 3 गुण असतील तर सामन्यांची तिप्पट करून त्यातून बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची संख्या वजा करा. ताळा जमला नाही तर छपाईची चूक असते किंवा एखाद्या संघाचे गुण कापलेले असतात. एका अपवादापाशी हमखास गोंधळ होतो. अलायन्स प्रीमियर लीगमध्ये (नॉन-लीगमधली सर्वात वरची लीग, आजची नॅशनल लीग) 1983-84 ते 1985-86 या तीन हंगामांत घरच्या विजयाला 2 आणि बाहेरच्या विजयाला 3 गुण होते.

अर्धवट राहिलेले हंगाम वेगळे दाखवा. महायुद्ध सुरू झाल्यामुळे थांबलेला 1939-40 चा हंगाम आणि नॅशनल लीगच्या खालच्या पातळ्यांवर करोनामुळे रद्दबातल ठरवलेला 2019-20 चा हंगाम, दोन्हींचे सामने प्रत्यक्षात खेळले गेले होते, त्यामुळे ते पुसून टाकू नका. ओळी ठेवा, पण खेळाडूंच्या लीगमधल्या एकूण सामन्यांत आणि गोलांत ते मिळवू नका. मधेच लीग सोडून गेलेल्या संघाविरुद्धच्या सामन्यांनाही हाच नियम लावा.

वर्तमानपत्र वाचण्याची रीत

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह पैसे भरून वापरता येतं. जे अंक तिथे नाहीत, ते स्थानिक ग्रंथालयात किंवा काउंटीच्या अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर पाहावे लागतात. शोधताना क्लबचं नाव टाकलं की ‘टाउन’ आणि ‘युनायटेड’चे ढीग समोर येतात. त्यापेक्षा प्रतिस्पर्धी संघाचं नाव आणि आपल्या गोलकीपरचं आडनाव एकत्र शोधा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात, म्हणून आडनावाची दोन-तीन चुकीची रूपंही टाकून बघा. बाहेरच्या मैदानावरच्या सामन्याचं सविस्तर वर्णन बहुधा त्या दुसऱ्या शहराच्या पेपरात सापडतं. हा स्रोत सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो.

साप्ताहिकात ‘गेल्या शनिवारी’ असं छापलेलं असतं. अंकाच्या तारखेवरून मागे मोजून खरी तारीख काढा आणि त्या दिवशी वार कोणता येतो ते पडताळा. 1974 च्या जानेवारीपूर्वी एफए कपचे सामने रविवारी होत नसत, त्यामुळे त्याआधीची रविवारची तारीख दिसली की मोजताना कुठेतरी घोटाळा झालाय असं समजा. ‘येत्या शनिवारी सामना’ ही बातमी सामना झाल्याचा पुरावा नव्हे. पाऊस, धुकं, गोठलेलं मैदान यांनी कितीतरी सामने पुढे गेले. 1962-63 च्या हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे खेळ बंद होता, आणि त्या हंगामाच्या तारखा दोनदा तपासूनच घ्याव्यात.

शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या क्रीडा-अंकांबाबतही सावध राहा. सामना संपतासंपता फोनवरून आलेली बातमी तिथे छापली जाई, त्यामुळे शेवटच्या मिनिटांतला गोल कधी गळतो, कधी भलत्याच्या नावावर जातो. अंतिम निकाल सोमवारच्या दैनिकातून किंवा पुढच्या साप्ताहिकातून पक्का करा. नाताळातही असाच गोंधळ होतो. 25 आणि 26 डिसेंबरला एकाच प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळण्याची प्रथा 1950 च्या दशकापर्यंत होती, आणि या जोडसामन्यांचे निकाल नंतरच्या याद्यांमध्ये सर्रास उलटेपालटे झालेले दिसतात.

जुन्या संघयादीतला नावांचा क्रम खूप काही सांगतो. आधी गोलकीपर, मग दोन बॅक (बचाव), तीन हाफ-बॅक (मधली फळी) आणि पाच फॉरवर्ड (आक्रमण), प्रत्येक रांग उजवीकडून डावीकडे. पाठीवर आकडे नसलेल्या काळातही त्यामुळे जागा कळते: सातवं नाव उजव्या विंगेवरचं, नववं सेंटर-फॉरवर्डचं, अकरावं डाव्या विंगेवरचं. ‘ए. एन. अदर’ नावाचा खेळाडू भेटला तर त्याची कारकीर्द शोधत बसू नका. छपाईच्या वेळी जागा भरायची राहिली होती किंवा नाव गुप्त ठेवायचं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रेक्षकांचा आकडा नसतो, पण गल्ल्याची रक्कम बऱ्याचदा छापलेली असते. 15 फेब्रुवारी 1971 पूर्वी पौंडाचे 20 शिलिंग आणि शिलिंगाचे 12 पेन्स होते. गल्ला 24 पौंड 10 शिलिंग असेल तर 5,880 पेन्स होतात. तिकीट 6 पेन्स असेल तर 980 माणसं. मात्र मुलांना अर्धं तिकीट, स्टँडला जादा पैसे आणि हंगामाचा पास घेतलेल्यांची गल्ल्यात नोंदच नाही, त्यामुळे पुस्तकात ‘सुमारे 1,000’ लिहा आणि हिशेबावरून काढलेला आकडा आहे हे तिथेच सांगा.

फेऱ्या आणि पातळ्या

‘क्लब एफए कपच्या पहिल्या फेरीत पोहोचला’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे थांबा. 1888-89 पासून या स्पर्धेला पात्रता फेऱ्या आहेत, आणि ‘पहिली पात्रता फेरी’तला ‘पात्रता’ हा शब्द क्लबच्या पुस्तिकांमधून हळूच गळून पडतो. मुख्य स्पर्धेची पहिली फेरी सुद्धा सगळ्या काळात सारखी नाही. 1925-26 पासून वरच्या दोन डिव्हिजनचे संघ तिसऱ्या फेरीत उतरू लागले. त्यामुळे 1920 च्या आसपास पहिल्या फेरीत खेळलेल्या लहान क्लबने आजच्या तिसऱ्या फेरीच्या तोडीचं काम केलेलं असतं. असं यश तळटीपेत लपवू नका, मजकुरातच समजावून सांगा. येओव्हिल टाउनने 1949 मध्ये संडरलँडला 2-1 ने हरवलं, हेअरफर्डने 1972 मध्ये न्यूकॅसलला तेवढ्याच गोलफरकाने घरी पाठवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या क्लबचा 1921 चा सामना कुणालाच माहीत नाही, आणि तो सांगणं हेच तुमचं काम आहे.

लीगचं नाव तेच राहिलं तरी तिची पातळी बदलते. 1979 मध्ये अलायन्स प्रीमियर लीग सुरू झाली आणि सदर्न व नॉर्दर्न प्रीमियर लीग एक पायरी खाली गेल्या. 2004 मध्ये कॉन्फरन्सच्या (अलायन्सचं नंतरचं नाव) खाली कॉन्फरन्स नॉर्थ आणि साउथ आले, तेव्हा त्या आणखी एक पायरी उतरल्या. क्लब जागच्या जागी राहून दोन पातळ्या खाली आला, तर त्याला ‘घसरण’ म्हणणं अन्याय आहे. प्रत्येक हंगामाच्या ओळीत लीगच्या नावाशेजारी त्या वर्षीची पातळी लिहा.

शब्दही काळ बघून वापरा. एफएने हौशी आणि व्यावसायिक हा भेद 1974 मध्ये काढून टाकला. एफए अमॅच्युअर कपची शेवटची फायनल त्याच वर्षी झाली. त्याआधी लंडन परिसरातल्या इस्थमियन लीगमधला क्लब कागदोपत्री हौशी होता, मग खेळाडूच्या बुटात नोटा ठेवल्या जात असोत वा नसोत. हिशेबवहीत ‘प्रवासखर्च’ या नावाखाली ठरावीक रक्कम दर आठवड्याला तीच ती येत असेल तर ती नोंद जशीच्या तशी उतरवा. पुराव्याशिवाय त्याला ‘पगार’ म्हणू नका, आणि पुरावा हाती असताना झाकूही नका.

एकच क्लब की दुसरा?

हा प्रश्न समर्थकांच्या भावनेचा असतो, म्हणून त्याचं उत्तर कागदावरून द्यावं. 1888 मध्ये फुटबॉल लीगची स्थापना करणाऱ्या बारा संघांतला अ‍ॅक्रिंग्टन आणि पुढचा अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली हे दोन वेगळे क्लब. स्टॅनलीने 1962 मध्ये लीग सोडली आणि त्याच नावाचा क्लब 1968 मध्ये नव्याने उभा राहिला. नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये रशडेन टाउन आणि अर्थलिंगबरो डायमंड्स 1992 मध्ये एक झाले, तो क्लब 2011 मध्ये बुडाला, आणि समर्थकांनी त्याच वर्षी दुसरा काढला. अशा ठिकाणी प्रत्येक संस्थेला स्वतंत्र प्रकरण द्या, आणि विक्रम मोजताना कोणती संस्था धरली ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

कंपनीची कागदपत्रं कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, पण तिथली नोंदणीची तारीख ही कंपनीची, क्लबची नव्हे. मर्यादित कंपनी होण्याआधी अनेक क्लब कित्येक वर्षं नुसत्या समितीवर चालले. स्थापनेसाठी तीन तारखा वेगवेगळ्या शोधा: बैठकीची सूचना, पहिला सामना, काउंटी असोसिएशनची संलग्नता. क्रिकेट क्लबातून किंवा चर्चच्या मंडळातून निघालेल्या संघात या तिन्हींमध्ये वर्षांचं अंतर पडू शकतं. तिन्ही छापा आणि त्यातली कोणती धरली, का धरली, तेही सांगा. शेफील्ड एफसीसारखा 24 ऑक्टोबर 1857 असा नेमका दिवस सांगता येणं हे भाग्य विरळ.

मैदानासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हे या सर्वेक्षण संस्थेचे 25 इंची (मैलाला सुमारे 25 इंच) नकाशे उत्तम. तिथे इंग्लंडचेही आहेत. सर्वेक्षणाचं वर्ष आणि प्रकाशनाचं वर्ष वेगळं असतं, मजकुरात सर्वेक्षणाचं घ्या. कुंपण नसलेलं मोकळं मैदान नकाशावर नुसतं शेत म्हणून दिसलं तरी तिथे खेळ होत नव्हता असं ठरत नाही.

फोटो, माणसं आणि छपाई

सांघिक फोटो 600 डीपीआयवर टिफमध्ये स्कॅन करा आणि मागची बाजूही स्कॅन करा. पुढे ठेवलेल्या चेंडूवर बऱ्याचदा हंगाम रंगवलेला असतो, तो मोठा करून वाचा. जुन्या खेळाडूंना भेटताना हा फोटो सोबत न्या आणि मागची रांग डावीकडून, मग पुढची रांग, अशी नावं विचारत जा. ड्रेसिंग रूम कशी होती, बसमध्ये कोण कुठे बसायचं, कामावरून सुटून सरावाला कसं पोहोचायचं, हे फक्त तेच सांगू शकतात. निकाल मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, घेतलाच तर तक्त्याशी ताडून बघा.

ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं कॉपीराइट टिकतो. सामन्याचा निकाल कुणाच्या मालकीचा नसतो, पण वार्ताहराचे परिच्छेद आणि फोटो असू शकतात, तेव्हा छापण्याआधी लेखी परवानगी घ्या. छापील पुस्तक निघालं की एका महिन्याच्या आत एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावी लागते, तसा कायदाच आहे. एक प्रत काउंटीच्या अभिलेखागारात द्या आणि तिच्यासोबत सामन्यांचा पूर्ण तक्ता स्रोतांच्या रकान्यासकट सीएसव्ही स्वरूपात ठेवा, म्हणजे पुढे कुणाला चूक सापडली तर ती दुरुस्त करता येईल.